दूध डेअरीला, कोरा चहा सुनेला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी मुलगी आहे किंवा नवीन सून आलीय, त्यांनी तर नक्की वाचा.

बाळ जन्मलं की आपल्याकडं पहिला प्रश्न, मुलगा की मुलगी? दुसरा, वजन किती भरलं? आणि वजन सव्वादोन-अडीच किलो निघालं की दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी बोलतंच, "पोरीनं नऊ महिने धड खाल्लंच नाही. सारखं नको नको करायची." बाळंतीण आत पडलेली असते, पण हे वाक्य तिच्यापर्यंत पोचतं. पुढं बाळ सारखं आजारी पडलं, उशिरा चालायला लागलं, उशिरा बोललं, की तेच वाक्य पुन्हा वर येतं.

आज या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. कारण हे वाक्य खरं की खोटं, हे गेली तीस वर्षं आपल्याच महाराष्ट्रात, आपल्यासारख्याच गावांत तपासलं जातंय. मी पत्रकार आहे, डॉक्टर नाही. पण त्या अभ्यासातून जे बाहेर आलंय ते गावात सांगितलं पाहिजे असं मला वाटतं. बाळाच्या तब्येतीचा पाया आईच्या पोटातच पडायला लागतो, हे खरं आहे. पण तो फक्त त्या नऊ महिन्यांत पडतो हे अर्धंच खरं. ती मुलगी सासरी यायच्या कितीतरी आधी त्याची सुरुवात झालेली असते. आणि तो एकट्या तिच्या हातात तर कधीच नव्हता.

आधी थोडं मागं जाऊ.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा भाग आहे. तिथं 1911 पासून सुईणी आणि आरोग्य सेविका घरोघरी जाऊन बाळाचं जन्माचं वजन आणि एक वर्षाचं झाल्यावरचं वजन रजिस्टरात लिहून ठेवायच्या. आपल्या अंगणवाडी ताई लिहितात तसंच. त्या रजिस्टरांकडं कित्येक वर्षं कुणी बघितलं नाही. मग डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरनं ती बाहेर काढली आणि त्यातली बाळं म्हातारी झाल्यावर कशानं गेली हे शोधलं. 1989 मध्ये त्यांनी जे छापलं त्यानं डॉक्टर मंडळीत खळबळ उडाली. जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्या मुलग्यांचं वजन सगळ्यात कमी होतं, त्यांच्यात पुढं हृदयविकारानं मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. तोवर सगळे म्हणायचे, हार्ट अटॅक म्हणजे पन्नाशीतलं खाणं, सिगारेट, टेन्शन. बार्कर म्हणाले, त्याची एक मुळी पाळण्यात आणि पाळण्याच्याही आधी आहे.

दुसरं उदाहरण हॉलंडचं. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी तिथल्या पश्चिम भागाचा अन्नपुरवठा तोडला. काही महिने लोकांनी अक्षरशः उपास काढले. त्या काळात जी मुलं पोटात होती त्यांचा पुढं अनेक वर्षं अभ्यास झाला. मोठेपणी त्यांच्यात रक्तातली साखर वाढण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त दिसला. पोटात असताना भोगलेली भूक पन्नास वर्षांनी रक्तात दिसली.

आता आपल्याकडं येऊ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. मधुमेहाचे डॉक्टर. त्यांना एक कोडं पडलं होतं. युरोपात मधुमेहाचा पेशंट म्हणजे साधारण वयस्कर आणि जाडजूड माणूस. आपल्याकडं मात्र तरुण, बारीक, शिडशिडीत माणसाला शुगर निघते. असं का? उत्तर शोधायला त्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यांच्याबरोबर होत्या. शेतकरी कुटुंबांतल्या बायकांची उंची-वजनं त्यांना दिवस जायच्या आधीच घेतली. दिवस गेल्यावर त्या काय खातात, किती काम करतात, रक्तात काय आहे, सगळं नोंदवलं. मग बाळं मोजली. आणि ती बाळं आजपर्यंत मोजतायत! आता तीच तिशीत आलीत, त्यांनाही मुलं झालीत. एकाच गावातल्या कुटुंबांचा इतका लांबचा अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झालाय.

त्या बायका कशा होत्या? सरासरी वय एकवीस, उंची पाच फुटांच्या आसपास, वजन साधारण 42 किलो. तुमच्या-आमच्या गावात पाणवठ्यावर, भांगलणीला, बचत गटाच्या मीटिंगला दिसतात तशाच.

बाळांचं सरासरी वजन भरलं 2.7 किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आठशे ग्रॅमचा फरक. पण खरी गंमत पुढं आहे. गंमत कसली, काळजीचीच गोष्ट. पुण्याची बाळं वजनानं कमी होती, हातपाय बारीक, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. चरबी मात्र त्या मानानं कमी झालेली नव्हती. दिसायला काटकुळं बाळ, पण अंगात मांसापेक्षा चरबीचा वाटा जास्त. बाळाला पोटात जेवढं मिळालं त्यातून त्याच्या शरीरानं मेंदू सांभाळला, चरबी राखली आणि काटछाट केली ती स्नायूंत, इतर अवयवांत. दुष्काळात घर चालवणारी बाई करते तसंच.

ही मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा 600 हून जास्त जणांची साखर तपासली. मुलग्यांत 37 टक्के आणि मुलींत 18 टक्के जणांची साखर जेवढी असायला हवी त्याहून वर निघाली. बहुतेकांना मधुमेह झालेला नव्हता, त्याच्या अलीकडच्या पायरीवर होते. आणि लक्षात घ्या, या सगळ्या मुलांपैकी जवळपास निम्मी वजनानं कमी होती. "शुगर जाड्या माणसाला होते, आपल्याला काय" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. पोटात असताना ज्यांची वाढ कमी झाली होती, त्यांच्यात हा धोका जास्त दिसला.

मग आईनं खायचं काय? इथं आपल्या कोल्हापूरकरांनी कान टवकारावेत असं काहीतरी निघालं.

त्या सहा गावांत कुणी किती भाकरी खाल्ल्या, किती कॅलरी पोटात गेल्या, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो तीन गोष्टींशी. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं. ज्या बायकांच्या खाण्यात या गोष्टी वरचेवर होत्या त्यांची बाळं मोठी भरली. म्हणजे "दोन जिवांची आहेस, दोन घास जास्त खा" हे म्हणणं पुरेसं नाही. तो घास कसला, हे महत्त्वाचं. भाकरीबरोबर नुसती चटणी असेल तर दोन भाकरी जास्त खाऊनही बाळाला पाहिजे ते मिळत नाही.

दुसरी गोष्ट निघाली व्हिटॅमिन बी-12 ची. त्या गरोदर बायकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-12 कमी होतं. ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण. पालेभाजीत नसतं, डाळीत नसतं. ज्या आयांचं बी-12 कमी आणि फॉलिक ॲसिड मात्र भरपूर होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्शुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं सगळ्यात जास्त दिसली. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला ज्या गोळ्या मिळतात त्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-12 नसतं. याचा अर्थ त्या गोळ्या बंद करा असा अजिबात काढू नका. लोहाची गरज आहेच, फॉलिक ॲसिडचीही आहे. अर्थ एवढाच की गोळीबरोबर ताटात दूध-अंडं पण पाहिजे, आणि गरज असेल तिथं डॉक्टरांना विचारून बी-12 ही.

तिसरी गोष्ट कामाची. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गावांत बायकांच्या कष्टांचा हिशेब मांडला. पाणी आणणं, धुणं, शेतातलं काम. ज्यांचं अंगमेहनतीचं काम जास्त, त्यांची बाळं लहान. साधी गोष्ट आहे, पण कुणीतरी मोजून लिहायला लागली.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघू.

कोल्हापूर म्हणजे दुधाचा जिल्हा. जिल्ह्याचा सहकारी दूध संघ 1963 चा. गावागावात दूध संस्था. पहाटे आणि संध्याकाळी किटल्या घेऊन रांगा लागतात, फॅट लागतं, दहा दिवसांचं बिल येतं. या पैशानं कितीतरी घरं उभी राहिली, पोरं शिकली. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही, माझंही नाही. गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून ग्लासभर धारोष्ण दूध पिणं ही तर आपली शान. तालमीतल्या पोराला खुराक पाहिजे, त्याला दूध, थंडाई, बदाम, तूप. बरोबरच आहे.

पण म्हशीला वैरण कोण आणतं? शेण कोण काढतं? धार कोण काढतं? बहुतेक घरांत घरातली बाई. आणि धार काढून झाल्यावर दूध जातं डेअरीला, थोडं राहतं ते चहाला, पोरांना, म्हाताऱ्यांना. जिनं वैरणीचा भारा डोक्यावर आणला तिच्या वाट्याला कोरा चहा आणि रात्रीची शिळी भाकरी. कितीतरी घरांत हे आजही असंच आहे. कुणी मुद्दाम करतं असंही नाही. तशी वहिवाटच पडलीय. सगळ्यात शेवटी जेवायचं, उरेल ते खायचं, मटणाच्या दिवशी फोडी पुरुषांच्या ताटात आणि आपल्याला रस्सा. त्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आठवड्यातले दोन दिवस साबुदाण्यावर.

आपला शेतकरी या बाबतीत अडाणी नाही. उलट लई हुशार आहे. रेडी गाभण जायच्या आधी तिचं अंग भरलेलं पाहिजे, हे त्याला कुठल्या डॉक्टरनं सांगावं लागत नाही. हाडं दिसणारी रेडी भरवून उपयोग नाही, वासरू बारीक निघेल, दूध बसणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. गाभण म्हशीला तो सरकी-पेंड वेगळी घालतो. ही तुलना कडू लागेल, बायकांची म्हशींशी तुलना करतो का म्हणून कुणी रागावेलही. पण गोठ्यात जे ज्ञान वापरतो ते घरात वापरत नाही, त्याला मी तरी काय करू?

कारण पुढचा अभ्यास नेमका हेच सांगतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून सहा वर्षं एक प्रयोग झाला. साडेसहा हजार बायकांना रोज एक खाऊ दिला. अर्ध्याजणींच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध, बाकीच्यांच्या खाऊत साधा भाजीपाला. तोही दिवस जायच्या आधीपासून. सरसकट बघितलं तर बाळांच्या वजनात फार फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस जायच्या किमान तीन महिने आधीपासून हा खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 48 ग्रॅमनं जास्त भरलं. शिवाय गरोदरपणात होणारा मधुमेह साडेबारा टक्क्यांच्या आसपास होता, तो साडेसात टक्क्यांच्या आत आला. 48 ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं कुणी म्हणेल. पण त्यातली खरी मेख वेगळीच आहे. ज्या बायका मुळातच फार बारीक होत्या, त्यांच्या बाळांना या खाऊचा वजनात फायदा दिसलाच नाही. अंगानं बऱ्यापैकी भरलेल्या बायकांच्या बाळांना जास्त दिसला. म्हणजे वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या शरीराला तीन-चार महिन्यांचा खाऊ पुरत नाही. ते अंग आधी भरावं लागतं. लहानपणी, वयात येताना.

पुण्याच्या त्या सहा गावांतही पुढचं पाऊल हेच टाकलं गेलं. 1990 च्या दशकात जन्मलेली ती बाळं वयात आली तेव्हा, 2012 पासून, त्यांना लग्नाआधीपासूनच बी-12 च्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. त्यांना पुढं झालेल्या मुलांची दोन-चार वर्षांच्या वयात चाचणी घेतली, तर आईला बी-12 मिळालेल्या मुलांची समज आणि बोलणं जरा सरस दिसलं. मुलं थोडी होती, अजून काम चालू आहे. पण दिशा कळते.

आता आपल्या योजना बघा. गरोदर बाईची नोंद होते कधी? दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कधी त्याच्याही नंतर. मग अंगणवाडीचा आहार, मग एचबीची तपासणी, मग गोळ्या. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये. तेही हप्त्यानं. नऊ महिन्यांच्या दिवसांनी भागले तर दिवसाला साडेअठरा रुपये होतात. त्यात म्हशीचं दूध किती येतं ते तुम्हीच मोजा. योजना वाईट नाही, आशा ताई आणि अंगणवाडी ताई तुटपुंज्या मानधनात राबतात त्याला तोड नाही. पण गाडी निघाल्यावर स्टेशनवर पोचायचं, असा हा प्रकार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019 ते 2021 या काळात झालं. त्यात महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी सुमारे 46 टक्के जणींना रक्त कमी होतं. आणि 15 ते 19 वयाच्या मुलींत? सुमारे 57 टक्के. म्हणजे जिच्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं त्या गरोदर बाईपेक्षा, जिच्याकडं कुणाचंच लक्ष नाही त्या मुलीची अवस्था वाईट. हीच मुलगी दोन-चार वर्षांत लग्न होऊन जाणार, वर्षाच्या आत "काही गोड बातमी?" म्हणून सगळे विचारणार, आणि बाळ सव्वादोन किलोचं झालं की म्हणणार, पोरीनं नऊ महिने नीट खाल्लं नाही.

शाळेतलं बघा. 2023 च्या शेवटी राज्य सरकारनं पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं नको असेल त्यांना केळं. 2025 च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबवला, लोकसहभागातून द्या म्हणाले. आठवड्याला एक अंडं! ज्या वयात मुलींचं अंग भरतं, त्या वयातलं एक अंडंसुद्धा आपल्याला परवडेना.

ऊसतोड कामगारांबद्दल लिहिल्याशिवाय कोल्हापूरची ही गोष्ट पूर्ण होत नाही. दिवाळीच्या पुढं-मागं बीड आणि मराठवाड्यातून टोळ्या येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांची मिळून घेतलेली. बाई गरोदर आहे म्हणून कोयता अर्धा होत नाही. पहाटे उठायचं, स्वयंपाक करायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. दिवस भरत आले तरी. कामाचा भार आणि बाळाचं वजन यांचा जो संबंध पुण्याच्या गावांत मोजला गेला, तो आपल्या फडात रोज उघड्या डोळ्यांनी दिसतो. तिची नोंद तिच्या गावच्या अंगणवाडीत आणि ती पाच-सहा महिने आपल्या शिवारात. आपली साखर, आपला गूळ, आपली कारखानदारी या बाईच्या पाठीवर उभी आहे. तिच्या पोटातलं बाळ बीडचं म्हणून कोल्हापूरचा प्रश्न नाही, असं म्हणता येणार नाही.

आता दोन-तीन प्रश्न येणारच, आधीच उत्तर देतो.

एक. "आमच्या आज्जीनं भांगलण करता करता बांधावर बाळंतपण केलं, आठ पोरं झाली, काय झालं?" आठ झाली, त्यातली जगली किती? हे आज्जी असेल तर तिला शांतपणे विचारा. पाच-सहा सांगेल. आणि जी जगली त्यांच्यातल्या किती जणांना चाळिशीत शुगर-बीपी निघालं, ते घरात मोजा.

दोन. "म्हणजे कमी वजनाचं बाळ झालं की संपलं का?" अजिबात नाही. हे नशीब नव्हे, धोका आहे. धोका कमी करता येतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं घट्ट खाणं वेळेत सुरू करणं, लसी, बाळाशी बोलणं-खेळणं, या सगळ्याचा उपयोग होतो. पहिली दोन वर्षं मेंदू झपाट्यानं वाढतो. पुढं शाळेत पळायला-खेळायला मिळणं, पाकीटबंद चटरमटर कमी खाणं, याचाही होतो. बारीक बाळाला नंतर बिस्किटं आणि साखर चारून गुबगुबीत करायच्या मागं मात्र लागू नका.

तीन. "गर्भसंस्काराच्या क्लासला पाठवलंय की आम्ही." चांगलं आहे. गरोदर बाईचं मन प्रसन्न राहणं चांगलंच. पण पोटातल्या बाळाला मंत्र ऐकवायला हजारो रुपये देणाऱ्या घरात तिची बी-12 ची तपासणी झालीय का, तिला दुपारी दोन तास आडवं व्हायला मिळतं का, तिला कुणी टोचून बोलत नाही ना, हे पण बघा. आणि क्लास परवडतो ती बाई मुळात या गोष्टीतली सगळ्यात अडचणीतली बाई नाही.

अजून एक सांगतो. गरोदरपणातल्या संशोधनाची बातमी आली की तिचा शेवट नेहमी आईवर होतो. आईनं हे खावं, आईनं ते टाळावं. बापाचं काय? सासूचं काय? डेअरीत किती दूध घालायचं आणि घरात किती ठेवायचं हे ठरवणाऱ्याचं काय? मुकादमाचं, कारखान्याचं, शाळेतलं अंडं बंद करणाऱ्याचं काय? आईच्या ताटात काय पडतं हे बहुतेक वेळा आई ठरवत नाही.

आणि आपल्या जिल्ह्याला याबाबतीत जरा जास्तच विचार करायला पाहिजे. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागं मुली होत्या 839. शाहू महाराजांचा जिल्हा, शिकलेला, पैसा असलेला. पोटात काय चाललंय हे बघायचं मशीन आपल्याकडं आलं आणि आपण त्याचा पहिला उपयोग काय केला, हे हा आकडा सांगतो. पुढं कायद्याची कडक अंमलबजावणी झाली, सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवायची यंत्रणा याच जिल्ह्यानं बसवली, आकडे थोडे सुधारले. मुलगी जन्माला येऊ द्यायला आपण शिकलो. तिला पोटभर आणि चांगलं खाऊ घालायला अजून शिकायचंय. तीच उद्याच्या बाळाची आई आहे, एवढं कारण पटत नसेल तर ती आत्ता, आज, भुकेली आहे हे कारण तरी पुरेसं असावं.

मग करायचं काय? मोठमोठ्या गप्पा नकोत. गावात, घरात होण्यासारखं सांगतो.

घरात: सकाळच्या दुधातलं एक ग्लास डेअरीला जायच्या आधी घरातल्या मुलीसाठी आणि सुनेसाठी बाजूला काढा. आधी काढायचं, उरलं तर नाही. अंडं चालत असेल तर आठवड्यातून तीन-चार. परसात मेथी, शेवगा, राजगिरा, चुका. हंगामातलं पेरू, केळं, सीताफळ. त्यात काही विदेशी नाही. आणि सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. शेवटी बसणाऱ्या बाईचं ताट कसं असतं, हे एकदा बघाच.

लग्न ठरलं की सोन्याचं वजन करतो. मुलगा-मुलगी दोघांचं एचबी पण बघा. कमी असेल तर आधी ते भरून काढा, पाळणा वर्षभर लांबला तर काही बिघडत नाही. वीस-एकवीसच्या आत तर नकोच.

गावात: ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. ते कुठं जातात? कितीदा ते शिलाई मशीन, खुर्च्या नाहीतर हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात संपतात. पुढच्या ग्रामसभेत एक साधा ठराव मांडा. गावातल्या 11 ते 19 वयाच्या सगळ्या मुलींचं वर्षातून दोनदा एचबी तपासायचं, यादी आशा ताईकडं ठेवायची, आणि या दहा टक्क्यांतून शाळेतल्या मुला-मुलींना आठवड्याला अंडं किंवा दूध द्यायचं. गावची दूध संस्था त्यात थोडं दूध घालू शकते. अध्यक्ष, चेअरमन मंडळींनी मनावर घेतलं तर अवघड नाही. वार्षिक सभेला जेवणावळ होतेच की.

शिवारात: हंगामात ज्यांच्या हद्दीत कोप्या पडतात त्या गावच्या अंगणवाडीनं तिथल्या गरोदर बायकांची आणि लहान मुलांची नावं घ्यावीत, आहार इथं द्यावा. सरकारच्या पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतर झालेल्यांची नोंद करायची सोय आहे. ती वापरली जाते का हे विचारायला पत्रकारच पाहिजे असं नाही, सरपंच विचारू शकतात. कारखान्यांनी गरोदर बाईला मोळी उचलण्यातून मोकळीक द्यावी आणि तिची मजुरी बुडू नये, याची व्यवस्था टोळीचा करार करतानाच करावी.

पुढची ग्रामसभा कधी आहे ते बघा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या तारखा तर ठरलेल्याच आहेत. दहा टक्क्यांचा हिशेब मागा आणि मुलींच्या एचबीचा विषय काढा. कुठल्या गावात काय उत्तर मिळालं ते इथं लिहा किंवा मला मेसेज करा. कुणी टाळाटाळ केली तर त्याचीही बातमी करू, आणि कुणी करून दाखवलं तर त्या गावाची आधी करू.